कानपिळी

शार्दूल इंगोलेचा कान पिळायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात मटकीला मोड आले का ते बघत होतो. मोबाइल वाजला. 'हजेरी'चा निरोप होता. रविवारी औसा रोडच्या मंगल कार्यालयात वधूच्या भावाचा बदली हवा, कामात लाजाहोम आणि कानपिळी. खाली वराचं नाव होतं. मी मटकीवर फडकं परत टाकलं, हात पुसले आणि ते नाव पुन्हा वाचलं. देव आहे, असं मला फार वर्षांनी वाटलं.

'हजेरी' म्हणजे काय हे आता लातुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी सांगतो, मास्तरकीची खोड जात नाही. पोरं गेली कॅनडात, जर्मनीत, आणि लग्नं, बारशी, तेरावी राहिली इथेच. आधी ही मंडळी पडद्यावरून हात हलवायची. पण पडद्याला नमस्कार करून म्हाताऱ्यांचं समाधान होईना. मग हे मोजे निघाले.

आपल्या मनात मूठ वळायचं आलं की मेंदूकडून हाताच्या स्नायूंना विजेचा बारीक संदेश जातो, आणि हात हलण्याआधीच तो कातडीवर टिपता येतो. कॅनडातला माणूस कोपरापर्यंत मोजा घालून बसतो. तो मोजा संदेश टिपून इकडे पाठवतो, आणि इकडच्या माणसाच्या हातातला मोजा तसाच हलका झटका त्याच्या स्नायूंना देतो. तिथे मूठ वळली की इथे वळते. इथे कुणी हात धरला तर त्याचा दाब तिथे कळतो. एवढ्या अंतरामुळे जो उशीर होतो, तो यंत्र अंदाजाने भरून काढतं. इकडच्या माणसाला म्हणायचं बदली. बदलीच्या तोंडावर एक पातळ चेहरापट असतो, त्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा दिसतो. छातीवर स्पीकर असतो, त्यातून गिऱ्हाइकाचा आवाज येतो. बदलीने हात सैल सोडायचे आणि तोंड बंद ठेवायचं. बस्स.

मी चांगला बदली आहे. परक्यांच्या बापांना मी अग्नी दिलाय. परक्यांच्या लेकींची पाठवणी करताना त्या माझ्या गळ्यात पडून रडल्यात, आणि त्यांच्या पाठीवरून फिरणारा हात मात्र ह्यूस्टनचा होता. माझ्याशी कुणी बोलत नाही. जेवायला मला वाजंत्र्यांच्या पंगतीत बसवतात. तक्रार नाही, जेवण गरम असतं.

पण मी मूळचा मास्तर. दिगंबर सुरवसे, भौतिकशास्त्र, अग्रवेध क्लासेस. हे नाव ऐकल्यासारखं वाटत असेल. वाटणारच, कारण तुमच्या पोराच्या मोबाइलमध्ये मी आहे.

म्हणजे मी नाही, तो.

अग्रवेधचा मालक शार्दूल इंगोले. गोरागोमटा, गोड बोलणारा, चारचौघांत वाकून पाया पडणारा पोरगा. त्याने मला वर्गात मनगटाला एक पट्टा घालायला लावला. म्हणाला, "सर, तुमचं शिकवणं जपून ठेवायचंय." मी फळ्यावर कसं लिहितो, कुठे थांबतो, बावळट प्रश्नाला काय उत्तर देतो, कुठल्या पोराला कधी टोचतो, सगळं त्या पट्ट्यात आणि कॅमेऱ्यात जात राहिलं. मीही छाती फुगवून शिकवत राहिलो. कसायाला गाय धार्जिणी म्हणतात, ती मीच.

मग गुरुपौर्णिमा आली. मांडव भरलेला, पोरं रांगेने पाया पडत होती. शार्दूलने माईक हातात घेऊन म्हटलं, "सर, तुमची विद्या, तुमचा आवाज, तुमची ढब या लेकरांसाठी आम्हाला दिली, एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय." "दिली," मी म्हणालो. "सगळी दिली."

मनगटाला पट्टा होताच.

तेव्हा बोली संमतीचा कायदा नवा होता. आवाजाची नक्कल करणं सोपं झालं, फोनवरच्या 'हो'ला किंमत उरली नाही, म्हणून कायद्याने नाडी मागितली. प्रत्येकाच्या नाडीच्या लाटेचा आकार वेगळा असतो आणि तो यंत्राला खोटा करता येत नाही. जिवंत नाडी, सोबत बोललेला शब्द आणि समोर साक्षीदार, एवढं जमलं की ती सही झाली. त्या 'दिली'वर शार्दूलने माझं मोबाइलमधलं प्रतिरूप उभं केलं, तेव्हा मी कोर्टात गेलो. म्हणालो, तो समारंभ होता, तो आशीर्वाद होता. शार्दूलचा वकील म्हणाला, समारंभात बोललेला शब्द हलका धरायचा तर उद्या लग्नातल्या वचनांचं काय करायचं? न्यायाधीशांना ते पटलं. शार्दूल जिंकला, आणि त्या निकालाचा दाखला पुढे सगळीकडे दिला जाऊ लागला.

त्यानंतर महिनाभरात मला घरी बसवलं. 'सुरवसे सर' मात्र शिकवत राहिले, घराघरांत, प्रत्येक पोराला वेगळे, न दमता. मी शेजारच्या पोराला ओट्यावर बसून घर्षण समजावलं: "घर्षण म्हणजे सासू रे, पुढे जाऊ देत नाही, पण नसती तर घसरून पडला असतास." पोराच्या आईने कौतुकाने त्याचा व्हिडिओ टाकला. तिसऱ्या दिवशी अग्रवेधची नोटीस आली. 'सुरवसे सर' या शिक्षकाच्या आवाजाची व शैलीची नक्कल थांबवावी. मी माझी नक्कल करत होतो म्हणे.

हेही मी गिळलं असतं, पण घरातलं कसं गिळायचं? माझी लेक मनवा बारावीला. तिला डॉक्टर व्हायचंय. ती कानात यंत्र घालून दिवाणखान्यात बसायची आणि हसायची. माझ्या विनोदांवर, माझ्याच आवाजावर. मी चहा घेऊन गेलो तर एक कान मोकळा करून म्हणायची, "थांबा हो पप्पा, सर सांगायलेत."

एकदा मी म्हटलं, "मला विचार की. मी काय मेलोय?"

"तुम्ही चिडताव पप्पा. सरांना एकच गोष्ट कितीदा विचारली तरी ते चिडत नाहीत."

मला माझाच हेवा वाटायला लागला. आणि ज्याने ही वेळ आणली त्याचा गळा आवळावा असं वाटायला लागलं. माणसाने क्षमा करावी, सोडून द्यावं, असं माझी बायको रेवती म्हणते. ती मोठ्या मनाची आहे. मी नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मोज्यांची जुळणी असते. गिऱ्हाइक तिथून हात हलवतं, आपण इथे सैल बसायचं आणि यंत्राने दोघांच्या हातांची ओळख करून घ्यायची. माझं गिऱ्हाइक होतं अजिंक्य शिंगारे, वधूचा भाऊ, कॅल्गरीला असतो. बोलका मुलगा.

"काका, बाकी काही राहिलं तर चालेल, पण कान नीट पिळायचा बरं का. एकुलती एक बहीण आहे. आई म्हणती, लाजाहोमात भावानं कान पिळला नाही तर नवऱ्याला धाक राहत नाही."

"पिळू," मी म्हणालो. जुळणीत बदलीला बोलायची परवानगी असते.

"आणि मागेन ते दिल्याशिवाय सोडायचा नाही. मी घड्याळ मागणारे." मग जरा थांबून त्याने विचारलं, "काका, तुम्ही लातूरचेच ना? नवरदेव कसा आहे हो? मी फक्त पडद्यावर बघितलाय. गोड बोलतो."

"नाव मोठं आहे," मी म्हणालो. यापुढे एक शब्द बोललो असतो तर काम गेलं असतं, आणि काम मला काहीही करून हवं होतं.

खरं सांगतो, तोवर माझ्या डोक्यात एवढंच होतं की कान असा पिळायचा की पठ्ठ्याला लग्नाच्या फोटोत लाल कानाने उभं राहावं लागेल. सूड म्हणून हे पोरकटच होतं. पण रविवारी बोहल्याजवळ उभा राहिलो आणि शार्दूलच्या मनगटाकडे लक्ष गेलं. त्याने पट्टा घातला होता. नवरानवरीला 'हजेरी'वाले घालायलाच लावतात, म्हणजे परदेशातल्या मावशा-आत्यांनी हात धरला तर त्यांनाही तो जाणवतो. पट्टा होता, नाडी होती, साक्षीला अख्खं कार्यालय होतं. माझ्या पाठीतून शिरशिरी गेली. या वेळी ती यंत्राची नव्हती.

होम पेटला होता. गुरुजींच्या खुणेवर मी मृण्मयीच्या, म्हणजे वधूच्या, ओंजळीत लाह्या घातल्या. म्हणजे अजिंक्यने घातल्या. तिचे डोळे भरून आले. "दादा," ती माझ्या चेहरापटाला म्हणाली, आणि कॅल्गरीतून माझ्या छातीवर कुणीतरी नाक ओढलं.

"आता भावाने कान पिळावा," गुरुजी म्हणाले. मांडवात हशा उसळला. लोक खुर्च्या सोडून पुढे सरकले.

माझा हात उठला आणि बोटांत शार्दूलचा कान आला. मऊ, अत्तर लावलेला.

"बोला भावजी," माझ्या छातीवरून अजिंक्य म्हणाला, "माझ्या बहिणीला..."

मी डाव्या हाताने चेहरापट वर केला.

शार्दूलने माझ्याकडे बघितलं. त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं विझलं. तेवढ्यात मागून कुणी बाई ओरडली, "अगं बया, हे तर सुरवसे सर!"

मग जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, क्लासच्या मालकाच्या लग्नात ही खास गंमत आखली आहे, मोबाइलमधले सर प्रत्यक्ष कान पिळायला आलेत. पोरं खुर्च्यांवर चढली. मोबाइल वर झाले. शार्दूल मला हाकलून देऊ शकत नव्हता. कसा देणार? सर आपल्या घरचेच आहेत असं तो वर्षानुवर्षं जाहिरातींत सांगत आला होता.

"काका, काय करायलाव तुम्ही?" माझ्या कानातल्या यंत्रातून अजिंक्य कुजबुजला. त्याने स्पीकर बंद केला होता.

मी शार्दूलशी बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शार्दूल, भावाच्या वतीने आलोय. मागेन ते द्यायचं."

"सर, नंतर बोलू ना," तो दातांतून म्हणाला.

"नंतर कान हातात नसतो." मांडव हसला. "दिगंबर सुरवसेचं नाव, आवाज आणि शिकवायची ढब तू माझ्याकडून घेतलीस. मला कामावरून काढलंस आणि मी माझ्या आवाजात शिकवलं तर मला नोटीस पाठवतोस. ते सगळं मला परत दे. दिलं म्हण."

हशा ओसरला. पुढच्या रांगेतल्यांना काहीतरी कळायला लागलं होतं. शार्दूलने मान मागे घेतली. मी कबूल करतो, त्या क्षणी माझी बोटं सैल होती. सवय मोडत नाही. कान निसटलाच असता.

पण कान निसटला नाही. माझ्या स्नायूंतून झटका गेला, बोटं आवळली आणि पीळ बसला, असा की शार्दूल एका बाजूला वाकला. हा पीळ कॅल्गरीचा होता.

छातीवरचा स्पीकर चालू झाला. "भावजी," अजिंक्य म्हणाला, आणि त्याचा आवाज थंड होता, "काका म्हणायलेत ते खरं आहे का?"

पीळ आणखी बसला. मृण्मयी ओंजळीतल्या लाह्यांकडे बघत होती. तिने मान वर केली. "देऊन टाका की," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांचंच आहे ना ते?"

शार्दूलच्याच बाजूच्या एका थोराड मामाने री ओढली. "अरे दे की रे बाबा, होम विझायलाय. कानपिळीत नाही म्हणत असतेत का?"

"दिलं," शार्दूल म्हणाला.

"काय दिलं?"

"सुरवसे सरांचं नाव, आवाज, ढब. परत दिली. सगळी दिली." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला ते बघून इतकं बरं वाटलं की त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

अजिंक्यने कान सोडला. मी चेहरापट खाली ओढला आणि पुन्हा सैल झालो. उरलेलं लग्न नीट पार पडलं. सप्तपदीही झाली.

दुसऱ्या दिवशी 'हजेरी'ने मला काढून टाकलं, चेहरापट उचलल्याबद्दल आणि बोलल्याबद्दल. हाताबद्दल एक शब्दही नाही, कारण मोज्यातली नोंद स्वच्छ होती. पिळाची सगळी ताकद गिऱ्हाइकाची, बदलीचा हात सैल. शार्दूलने वकिलांची फौज बसवली. पण समारंभातला शब्द हलका नसतो हा निकाल त्याचाच होता. उरला एकच मार्ग, जबरदस्तीने संमती घेतली म्हणायचं. त्यासाठी नवरदेवाने कोर्टात उभं राहून सांगायला हवं होतं की मेव्हण्याने कान पिळला, फार दुखलं, म्हणून बोललो. माझा वकील हे सांगताना खुर्चीत हसून हसून आडवा झाला. मीही हसलो. त्या आठवड्यात मला फार छान भूक लागत होती.

आठवडा सरला आणि 'सुरवसे सर' बंद झाले. पोरांच्या पडद्यावर एक ओळ आली: हे शिक्षक आता उपलब्ध नाहीत. परीक्षा महिन्यावर होती.

मनवा माझ्याशी बोलायची थांबली. ताट वाढलं की जेवायची, उठून जायची. मी दोन-चार दिवस वाट बघितली आणि मग एका दुपारी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"चल, घर्षणापासून काढू," मी म्हणालो. किती वर्षांनी मी मोकळ्या गळ्याने शिकवणार होतो. "घर्षण म्हणजे सासू..."

"सरांनी ते वाक्य कधीच काढून टाकलं," ती वहीकडे बघत म्हणाली. "आम्हा मुलींना आवडत नव्हतं म्हणून. ते आता चप्पल आणि फरशीवरून सांगतेत. आधी विचारतेत, तू कधी घसरून पडलीस का?"

"आता मी सांगतोय ना?"

"तुम्ही सरांसारखंच बोलताव. पण ते आधी ऐकून घ्यायचे."

मी वही तिच्या हातातून ओढून टेबलावर आपटली. मग पुन्हा उघडून पुढे केली. ती मुकाट्याने गणित उतरवायला लागली. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

शार्दूल होता. एकटाच. ना गाडीवाला, ना वकील. त्याने वाकून पाया धरले, आणि या वेळी बघायला तिथे कुणी नव्हतं.

"सर, माझं राहू द्या. मी चुकलो. पण पोरांचा अभ्यास अर्धवट राहिलाय, खेड्यापाड्यांतल्या पोरांना दुसरं कुणी नाही. दुसऱ्या शिक्षकाचं प्रतिरूप उभं करायला वर्ष जाईल. परीक्षेपुरतं द्या. अटी तुमच्या, हक्क तुमचा, माझं नावही नको त्यावर." त्याने खिशातून पट्टा काढून माझ्यासमोर धरला. "एकदा दिली म्हणा. संध्याकाळपर्यंत सर परत येतील."

तो खोटं बोलत नव्हता. मी पोरांना ओळखतो, मीच शिकवलीत. मला तेही दिसत होतं. पण त्याहून स्पष्ट मला त्याची वाकलेली पाठ दिसत होती, आणि ती तशीच वाकलेली राहावी असं वाटत होतं.

मनवा आतून आली. तिने त्याच्या हातातून पट्टा घेतला आणि माझ्या मनगटाजवळ आणला.

"पप्पा, म्हणा ना. एक महिन्यापुरतं. माझ्यासाठी."

मी हात मागे घेतला. शार्दूल उभा राहिला आणि जिना उतरून गेला. मनवा पट्टा हातात धरून तशीच उभी होती. माझ्याकडे बघत होती, न चिडता, समजून घेतल्यासारखी.

"ते सर असते ना पप्पा," ती म्हणाली, "तर म्हणाले असते."